ॲडव्हान्स टॅक्सच्या चार तारखा आणि माझं दुसरं खातं

५२,३४४ रुपये. जुलै २०२३ मधला हा आकडा मला अजून पाठ आहे.

मी भाषांतरं करते, शिवाय माहितीपट आणि मालिकांची मराठी सबटायटल्स. २०२१ मध्ये नोकरी सोडली आणि सांगलीतल्या घरातून काम सुरू केलं. २०२२-२३ चं वर्ष चांगलं गेलं होतं. रिटर्न भरायला सीएंकडे कागद घेऊन गेले, तेव्हा मनात समाधानच होतं, की मुदत ३१ जुलैची आणि आपण वीस दिवस आधीच हजर. सीएंनी आकडेमोड केली आणि म्हणाले, "४८,००० कर राहिलाय. त्यावर व्याज ४,३४४. एवढं भरा, मग रिटर्न टाकतो."

"व्याज कशाचं? मुदत अजून संपली कुठे?"

"३१ जुलै ही हिशेब सांगायची तारीख, मॅडम. पैसे द्यायच्या तारखा मार्चमध्येच संपल्या."

खरं सांगायचं तर ४,३४४ दुखले नाहीत. दुखले ते एकरकमी बावन्न हजार. ते माझ्याकडे आले होते आणि मी ते वापरून टाकले होते. थोडे फ्रीजमध्ये, थोडे कोकणच्या सहलीत, बाकीचे कुठे गेले देव जाणे. शेवटी आईच्या आजारपणासाठी ठेवलेली एक एफडी मोडली. त्यानंतर माझा एकही हप्ता चुकलेला नाही. मी हिशेबात हुशार झाले असं मुळीच नाही. पैसे ठेवायची जागा बदलली, एवढंच. ते पुढे येईल.

या एप्रिलमध्ये धाकट्या मामेभावाने सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडली. त्याचा फोन आला, "ताई, ॲडव्हान्स टॅक्स म्हणजे पुढच्या वर्षाचा कर आधीच घेतात का?" असं वाटणारे बरेच आहेत, दोष त्या नावाचा आहे. हा चालू वर्षाचाच कर, चालू वर्षातच भरायचा. नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला टीडीएस कापला जातो, तेच काम आपल्याला आपल्या हाताने वर्षातून चार वेळा करायचं असतं. आगाऊ आहे तो रिटर्नच्या आधी, कमाईच्या आधी नव्हे.

कुणाला भरायचा

वर्षाचा अंदाजे कर काढा, त्यातून कापला गेलेला आणि कापला जाणारा टीडीएस वजा करा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा जास्त असेल तर तुम्ही यात आलात. व्यवसाय असो वा नसो. पगारदार माणूस यातून सुटतो हा गैरसमज आहे. माझ्या नवऱ्याला पगार आहे, शिवाय वडिलोपार्जित घराचं भाडं येतं आणि एफडीचं व्याज. बँक व्याजावर १० टक्के कापते आणि त्याचा स्लॅब ३० चा. मधला २० टक्क्यांचा फरक कोण भरणार? त्याने सोपा मार्ग काढला: भाडं आणि व्याज किती येईल हे ऑफिसला लेखी कळवलं आणि पगारातूनच जास्त टीडीएस कापायला सांगितला. कायद्यात ही सोय आहे. तुम्ही नोकरीत असाल तर बाकीचा लेख वाचण्याआधी ऑफिसच्या अकाउंट्स विभागात विचारून या, कदाचित चारही तारखा विसरता येतील.

साठी ओलांडलेल्या निवासी व्यक्तीला व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही. वडिलांची पेन्शन आणि व्याज, दोन्ही यात बसतं. ते रिटर्नच्या वेळी काय असेल ते भरतात. पण शेजारचे काका पासष्टीतही दुकान चालवतात, त्यांना ही सूट नाही.

नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे, म्हणजे करात मिळणाऱ्या सवलतीमुळे, कर शून्य होतो, म्हणून तिथे ॲडव्हान्स टॅक्सचाही प्रश्न नाही. मात्र शेअरच्या नफ्यासारखं वेगळ्या दराचं उत्पन्न असेल तर त्या करावर हा रिबेट चालत नाही. "आपण बाराच्या आत आहोत" म्हणून निर्धास्त बसलेल्यांनी हे पाहून घ्यावं.

आणि आता ४४एडीए. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे आकडे बदललेत, पण सगळ्यांच्या तोंडात अजून जुनेच आहेत, मीही तेच वापरते.) डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए, इंटिरियर डेकोरेटर, आयटीवाले अशा ठरावीक पेशांना जमा रकमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत. हा मार्ग घेणाऱ्याला चार हप्ते नाहीत. १५ मार्चपर्यंत सगळा कर एकदम.

मामेभावाला मी तासभर चार तारखा समजावल्या आणि मग लक्षात आलं की तो या यादीतला आहे. त्याला एकच तारीख. "मग आधीच सांगायचंस ना," म्हणाला. पण मला विचाराल तर त्याचं काम जास्त अवघड आहे. अकरा महिने पैसे सांभाळायचे आणि एका दिवशी सगळे द्यायचे! भाषांतर त्या यादीत नाही. त्यामुळे मला वह्या ठेवाव्या लागतात, खरा खर्च दाखवावा लागतो आणि चार वेळा भरावं लागतं.

तारखा

१५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. हे आकडे एकावर एक चढत जाणारे आहेत. सप्टेंबरमध्ये नवे ४५ टक्के भरायचे नाहीत. जूनचे धरून ४५ व्हायला हवेत, म्हणजे ३० टक्के भरायचे.

तारखेला कमी पडलेल्या रकमेवर महिना १ टक्का व्याज, हे कलम २३४सी. यातली ग्यानबाची मेख अशी, की पहिल्या तीन हप्त्यांना ते थेट तीन महिन्यांचं लागतं. १५ जूनचे पैसे १६ जूनला भरले तरी ३ टक्के, आणि ऑगस्टमध्ये भरले तरी तेवढेच. मार्चच्या हप्त्याला मात्र एकाच महिन्याचं. एका दिवसाच्या उशिराची किंमत तीन महिने, हे कळल्यापासून मी शेवटच्या दिवसाच्या वाटेला जात नाही.

थोडी सवलत आहे. जूनमध्ये १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ४५ ऐवजी ३६ टक्के भरलेले असतील तर व्याज लागत नाही. पण ११ टक्के भरले तर मोजणी १५ पासून होते, १२ पासून नाही. डिसेंबर आणि मार्चला अशी सवलत नाही.

तारखेला बँका बंद असतील तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं चालतं. १५ जून २०२५ रविवारी आली होती, १५ मार्च २०२६ सुद्धा.

अंदाज कसा काढायचा

लोक इथेच अडतात. "मला पुढच्या महिन्यात काम मिळेल की नाही हे माहीत नाही, वर्षाचा आकडा कुठून सांगू?" मीही हेच म्हणायचे. आता माझी पद्धत अशी आहे.

वहीचं एक पान, चार भाग. पहिल्यात एप्रिलपासून हातात पडलेले पैसे. मी पैसे आले की उत्पन्न धरते, बिल पाठवल्यावर नाही. दोन्ही पद्धती चालतात, पण दरवर्षी एकच ठेवायची. दुसऱ्यात पाठवलेली पण न आलेली बिलं. तिसऱ्यात पक्कं ठरलेलं काम, म्हणजे ज्याचा मेल आलाय असं. फोनवर "करूया हं ताई नक्की" म्हणालेलं नाही. चौथ्यात उरलेल्या महिन्यांसाठी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची निम्मी कमाई. निम्मी का? मला जरा कमी धरलेलं मानवतं, एवढंच त्याचं शास्त्र. तुमचं काम नियमित असेल तर पूर्ण धरा.

या बेरजेतून खर्च वजा. इंटरनेट, सॉफ्टवेअरचं वर्गणीशुल्क, कामासाठीचे शब्दकोश, सीएंची फी, कामापुरता वीजबिलाचा वाटा. नव्या करपद्धतीत ८०सी वगैरे वजावटी गेल्या, पण व्यवसायाचा खर्च वजा होतो, हे कित्येकांना ठाऊक नसतं. एक चूक मी केली ती सांगते: ७०,००० चा लॅपटॉप घेतला आणि सगळा खर्चात धरला. तसं नसतं. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, आणि त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर त्याच्याही निम्मा. मी तो नोव्हेंबरात घेतला होता. म्हणजे १४,००० च वजा झाले.

मग त्यात बाकीचं उत्पन्न मिळवायचं: एफडीचं व्याज, भाडं, लाभांश. बचत खात्याचं व्याज विसरू नका, ते एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर विभागाकडच्या तुमच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या पत्रकात, रुपयासकट दिसतं.

२०२५-२६ चं माझं पान समोर आहे. आकडे गोल करून सांगते. जमा १५,००,०००, खर्च १,६०,०००, उरले १३,४०,०००. एफडीचं व्याज ६०,०००. एकूण १४,००,०००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, म्हणजे ४०,०००. वरच्या २ लाखांवर १५ टक्के, म्हणजे ३०,०००. झाले ९०,०००. त्यावर ४ टक्के सेस ३,६००. एकूण ९३,६००.

आता टीडीएस. माझ्या गिऱ्हाइकांत एक संस्था १० टक्के कापते, तिच्याकडून ३,००,००० आले, म्हणजे ३०,००० कापले. बँकेने व्याजावर ६,००० कापले. परदेशी गिऱ्हाइकं आणि छोटे निर्माते काहीच कापत नाहीत. ९३,६०० वजा ३६,०००, राहिले ५७,६००.

हप्ते असे: जूनला ८,६४०, सप्टेंबरला १७,२८०, डिसेंबरला १७,२८०, मार्चला १४,४००.

टीडीएस धरताना जपून. कापायला हवा होता पण कापला नाही, असा टीडीएस वजा करायचा नाही. कापला म्हणतात पण २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात) दिसत नाही, त्याच्यामागे लागा. एका निर्मात्याने माझे १० टक्के कापले आणि सरकारजमा केलेच नाहीत. चार मेल आणि दोन फोननंतर भरले. आणखी एक गंमत म्हणजे त्याच भाषांतराला कुणी व्यावसायिक सेवा समजून १० टक्के कापतं, तर कुणी कंत्राट समजून १. त्यामुळे "सगळे कापतातच की" या भरवशावर राहू नका, प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं लिहा.

हे पान मी वर्षातून चारदा नव्याने मांडते. जूनचा अंदाज चुकतोच, चुकू द्या. सप्टेंबरमध्ये नवा आकडा काढायचा, त्याचे ४५ टक्के करायचे आणि आधी भरलेले वजा करायचे. अंदाज वर गेला तर सप्टेंबरचा हप्ता मोठा होतो, खाली आला तर लहान. मागची चूक पुढच्या हप्त्यात आपोआप भरून निघते. डिसेंबरपर्यंत नऊ महिने होऊन गेलेले असतात, तेव्हा अंदाजाला फारसा वावच उरत नाही.

दुसरं खातं

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी वेगळ्या बँकेत एक बचत खातं उघडलं. त्याचं डेबिट कार्ड घेतलं नाही, यूपीआयला जोडलं नाही. घरात त्याला "सरकारचं खातं" म्हणतात. टीडीएस न कापता आलेल्या प्रत्येक रकमेचे ७ टक्के त्याच संध्याकाळी तिकडे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, महिनाअखेरीला तर मुळीच नाही.

७ कुठून आले? वरच्या हिशेबात टीडीएस न कापलेली जमा १२ लाख. तिचे ७ टक्के ८४,०००. भरायचे होते ५७,६००. उरलेल्यात सीएंची फी निघते आणि थोडी ऊब राहते. तुमचा आकडा तुम्ही असाच काढा: गेल्या वर्षी स्वतः भरलेला कर भागिले टीडीएस न कापलेली जमा, आणि वर दोनेक टक्के.

पण एक भानगड आहे. ७ टक्के हे नेहमीच्या कामापुरते. अचानक मोठं काम आलं की ते तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबवर जाऊन बसतं. माझ्यासाठी त्यातल्या प्रत्येक शंभराला १५ रुपये ६० पैसे कर आहे, सात नव्हे. म्हणून नेहमीपेक्षा वेगळं काही आलं की मी १६ टक्के बाजूला टाकते. २०२३-२४ मध्ये हे उमगलं नव्हतं, तेव्हा मार्चमध्ये घरखर्चातून सहा हजार उचलावे लागले.

भरायचं कसं

प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर "ई-पे टॅक्स" आहे. लॉगिन न करताही पॅन आणि मोबाइलवरच्या ओटीपीने भरता येतं. मी लॉगिन करूनच भरते, म्हणजे चलान तिथेच सापडतं.

पुढे वर्ष विचारतात. थांबा इथे. २०२४ च्या गणपतीत, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, पाहुणे झोपल्यावर मी हप्ता भरायला बसले. चालू आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणून डोळे झाकून २०२४-२५ निवडलं. पण तिथे असेसमेंट इयर विचारलेलं होतं, आणि ते एक वर्ष पुढचं असतं. निवडायला हवं होतं २०२५-२६. माझे पैसे उलटून गेलेल्या वर्षात जमा झाले. तीन दिवसांनी चलान फाइलला लावताना दिसलं. पोर्टलवर चलान दुरुस्तीची सोय आहे, तिथून सुधारता आलं, पण वर्ष बदलायला अगदी थोडे दिवस मिळतात. ते उलटले की अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि मग वाट पाहणं.

नव्या कायद्याने असेसमेंट इयर काढून टाकलं आणि "टॅक्स इयर" आणलं, म्हणजे ज्या वर्षी कमवाल तेच वर्ष. पुढे सोपं होईल, पण तूर्त गुंता वाढलाय. २०२५-२६ च्या कमाईसाठी जुन्या कायद्याप्रमाणे असेसमेंट इयर २०२६-२७ आहे, आणि २०२६-२७ च्या कमाईसाठी नव्या कायद्याप्रमाणे टॅक्स इयरही २०२६-२७ च. आकडा एक, अर्थ दोन. जुलैमध्ये मागच्या वर्षाचा उरलेला कर आणि सप्टेंबरमध्ये या वर्षाचा हप्ता भरताना वर्षाच्या आकड्याशेजारी काय लिहिलंय ते वाचूनच पुढे जा.

मग कराचा प्रकार. ॲडव्हान्स टॅक्स, जुना कोड १००. त्याच्याच आसपास सेल्फ असेसमेंट टॅक्स असतो, कोड ३००. तो वर्ष संपल्यावर भरायचा. घाईत बोट तिकडे जातं.

रकमेचे रकाने असतात: कर, सरचार्ज, सेस, व्याज, दंड. मी कर आणि सेस वेगळे लिहिते. व्याजाचा रकाना आता रिकामा ठेवायचा, त्याचा हिशेब रिटर्नच्या वेळी होतो.

पैसे नेटबँकिंगने द्या, तुमची बँक पोर्टलवरच्या यादीत असेल तर. तारीख त्याच क्षणाची लागते. आरटीजीएस किंवा एनईएफटी निवडलं तर पोर्टल एक फॉर्म देतं, आणि तारीख धरली जाते ती पैसे पोचल्याची. १५ तारखेच्या संध्याकाळी हा मार्ग नको. क्रेडिट कार्डला वर शुल्क पडतं. रिवॉर्ड पॉइंट्सच्या मोहाने एकदा केलं, पॉइंट्सपेक्षा शुल्क जास्त निघालं.

शेवटी चलान उतरवून घ्या. त्यावर बँकेचा बीएसआर कोड, तारीख आणि चलान क्रमांक असतो. रिटर्नमध्ये हे तीन आकडे लागतात. मी फाइलचं नाव "जून ८६४०" असं ठेवते. आठवडाभराने २६एएसमध्ये ते दिसतंय का, हे एकदा पाहते.

चुकलंच तर

हप्ता हुकला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका असं सगळे सांगतात. मी जरा वेगळं सांगेन. जूनचा हुकला आणि तुम्हाला २० जूनला आठवण झाली, तर २३४सीच्या दृष्टीने २० जूनला भरा नाहीतर १० सप्टेंबरला, व्याज तेच. तरीही मी लगेच भरेन, कारण हातात राहिलेले पैसे कसे जातात ते मी पाहिलंय. ८,६४० च्या हप्त्यावर हे व्याज २५८ रुपये होतं. झोप उडवण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत अनपेक्षित काम आलं तर? समजा माझ्या वरच्या हिशेबात शेवटी २ लाखांची भर पडली. कर ३१,२०० ने वाढला. मार्चमध्ये तो सगळा भरला तरी जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये "कमी भरलं" म्हणून साडेबाराशेच्या आसपास व्याज लागतंच. जूनमध्ये मला स्वप्न पडायला हवं होतं, असं कायद्याचं म्हणणं! मला हे अन्यायाचं वाटतं, कारण शेअर किंवा जमिनीवरचा भांडवली नफा, लाभांश, लॉटरी यांना अशी सूट आहे. ते उत्पन्न हातात आल्यावर राहिलेल्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत कर भरला तर मागचं व्याज लागत नाही. व्यवसायाच्या अगदी पहिल्या वर्षालाही ती मिळते. माझ्यासारख्या जुन्या फ्रीलान्सरला नाही. पण २ लाखांच्या कामावर साडेबाराशे गेले म्हणून काम नाकारणार आहात का?

१५ मार्चही गेली तर ३१ मार्च हातात ठेवा. त्या दिवसापर्यंत भरलेलं ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरलं जातं. टीडीएस वगळून निघणाऱ्या कराचे किमान ९० टक्के तोवर भरलेले नसतील तर २३४बी सुरू होतं: १ एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत दर महिन्याला १ टक्का, आणि महिन्याचा एक दिवस म्हणजे पूर्ण महिना. माझ्या ४,३४४ मधले १,९२० याचे होते.

भीतीपोटी जास्त भरणारेही असतात. ते परत मिळतं, पण रिफंडवर व्याज महिना अर्धा टक्का, आणि रिफंड कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तेही नाही. एफडीत जास्त मिळतं.

यंदाचा सप्टेंबरचा हप्ता जरा चमत्कारिक आलाय. १२ तारखेला दुसरा शनिवार, १३ ला रविवार, १४ ला गणेश चतुर्थी. १५ ला, मंगळवारी, आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. नेटबँकिंग चालू असेल, पण ओटीपी आला नाही किंवा पैसे कापून चलान अडकलं तर त्या तीन दिवसांत बँकेत फोन उचलायला कुणी नाही. मी ११ तारखेला, शुक्रवारी भरणार आहे. मोदकांचा नारळ आणायला जाण्याआधी.